वडिलांचे ‘जनता’ घड्याळ, काचेआडची वाफ आणि ‘मशीन बदलून टाका’ हा सल्ला

रत्नागिरी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या वाचक भगिनी लिहितात:

‘माझे वडील एस. टी.त वाहक होते. त्यांचे चावीचे एचएमटी घड्याळ त्यांच्या पश्चात बरीच वर्षे कपाटात पडून होते. त्याच्या डायलवर देवनागरीत “जनता” असे नाव आहे. यंदा शाळा सुरू झाल्यापासून मी ते हातात घालू लागले. सुरुवातीला ते नीट चालले. नंतर ते दिवसाला सुमारे चार मिनिटे पुढे जाऊ लागले आणि सकाळी चावी दिली तरी कधी कधी दुपारीच थांबू लागले. परवा पावसात हात भिजला, तेव्हापासून काचेला आतून वाफ धरते. आई म्हणते, तांदळाच्या डब्यात ठेव. भाऊ म्हणतो, पूर्ण चावी देऊ नकोस, स्प्रिंग तुटेल. बाजारातल्या एका दुकानदाराने सांगितले की हे मशीन आता मिळत नाही. आत सेलचे मशीन बसवतो आणि डायल नव्याने रंगवून देतो. मी काय करावे? हे घड्याळ रोज वापरावे की जपून ठेवावे? माझे नेहमीचे सेलचे घड्याळही वर्षभर बंद पडून आहे. त्याचे काय करावे?’

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नांपैकी फक्त एकाला घाई आहे आणि तो म्हणजे वाफेचा. बाकीचे सारे सावकाश ठरवता येईल, परंतु हे उत्तर वाचल्यावर शक्य तर त्याच दिवशी, नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी, ते घड्याळ एखाद्या जाणत्या घड्याळजीकडे नेऊन मागचे झाकण उघडून घ्यावे. काचेवर दिसणारी वाफ ही आतल्या ओलाव्याचा केवळ डोळ्यांना दिसणारा भाग असतो. काच बाहेरच्या गार हवेने आधी थंड होते, म्हणून आतल्या हवेतले बाष्प तिच्यावर जमते आणि हाताच्या उबेने काही वेळाने दिसेनासे होते. वाफ दिसेनाशी झाली की घड्याळ सुकले असे वाटते, पण पाणी कोठेही गेलेले नसते. ते पुन्हा आतल्या हवेत मिसळलेले असते आणि रात्री घड्याळ गार पडले की काचेऐवजी मशीनच्या पोलादी भागांवर बसते. चावीचा दांडा, चावी आणि काटे जोडणारी लहान चाके, स्क्रू आणि चाकांचे दाते असलेले आस हे बहुतेक पोलादाचे असतात, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत त्यांना गंज धरायला फार दिवस लागत नाहीत. तो गंज एका जागी राहत नाही. त्याची तांबूस पूड तेलात मिसळते आणि घासकागदासारखी आस झिजवत राहते. म्हणून ‘पाऊस संपला की दाखवू’ असे कृपया करू नये.

आपल्या मातोश्रींनी सुचवलेला उपाय मायेचा आहे, तरीही तो करू नये. बंद झाकणाच्या आतले पाणी तांदूळ बाहेरून ओढू शकत नाही, आणि तांदळाची बारीक भुकटी मात्र चावीच्या फटीत जाऊन बसते. उन्हात ठेवणे किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने गरम हवा मारणे हे त्याहून वाईट आहे. उष्णतेने जुने तेल पातळ होऊन नको तेथे पसरते, प्लास्टिकची काच नरम पडून वाकू शकते, आणि आतले पाणी तर आतच राहते. घड्याळजीकडे जाईपर्यंत एखादी रात्र मध्ये जाणारच असेल, तर घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात, नव्या बुटांच्या खोक्यात मिळतात तशा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ते ठेवावे. याला उपचार समजू नये. तेवढ्याने फक्त बाहेरचा ओलावा आणखी आत शिरणे थांबते. त्या काळात चावी देऊ नये आणि काटे फिरवण्यासाठी ती ओढूही नये, कारण ओढलेली चावी म्हणजे पाण्यासाठी उघडे ठेवलेले दारच असते.

पाणी आत गेले कोठून, हेही घड्याळजीकडून तपासून घ्यावे. तीन जागा नेहमीच्या आहेत. मागच्या झाकणाखाली रबरी रिंग असेल तर ती इतक्या वर्षांत वाळून कडक झालेली असते आणि तिला बोटाने दाबले तरी ती तुटते. चावी ज्या नळीतून आत जाते ती नळी रोजच्या फिरवण्याने झिजून सैल झालेली असते. आणि प्लास्टिकच्या काचेला कडेच्या खोबणीपाशी केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या असतात, ज्या भिंगाशिवाय दिसत नाहीत. काच आणि रिंग या दोन्ही गोष्टी स्वस्त आहेत आणि सहज मिळतात, तेव्हा त्या बदलून घेण्यात काटकसर करू नये. मात्र त्या बदलल्या म्हणून हे घड्याळ पाण्यात चालणारे झाले, असा अर्थ काढू नये. नव्या घड्याळावर ‘३० मीटर’ असे छापलेले असते तेव्हासुद्धा ते ३० मीटर खोल पाण्यात नेण्यासाठी नसते. प्रयोगशाळेत, नवे असताना, तेवढ्या स्थिर दाबाला ते टिकले इतकेच त्यातून कळते. नळाखाली हात धुताना उडालेले शिंतोडे आणि चुकून लागलेली सर यांपलीकडे त्याचा भरवसा धरायचा नसतो. मग काही दशके जुन्या, चावीच्या, साध्या घड्याळाच्या बाबतीत झाकणावर काहीही कोरलेले असले तरी ते पाण्यापासून दूरच ठेवावे, हे उघड आहे.

आता घड्याळ पुढे जाणे आणि दुपारी थांबणे या दोन तक्रारींकडे वळू. आपण त्या एकाच वाक्यात लिहिल्या आहेत, पण त्यांची कारणे बहुधा वेगळी आहेत.

आपल्या घड्याळाचे मशीन तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला ५ आणि दिवसाला ४,३२,०००. हे ठोके बॅलन्स नावाच्या छोट्या चाकाच्या मागेपुढे झुलण्यातून येतात, आणि ते चाक किती वेगाने झुलेल हे हेअरस्प्रिंग नावाची अतिशय बारीक, वेटोळी स्प्रिंग ठरवते. दिवसाला चार मिनिटे हे ऐकायला पुष्कळ वाटते, पण हिशेब केला तर तो ३६० सेकंदांमागे १ सेकंद इतकाच फरक आहे. एवढा फरक पडायला हेअरस्प्रिंगची दोन वेटोळी एकमेकांना चिकटणे पुरेसे असते. ती चिकटली की स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते, बॅलन्स भरभर झुलतो आणि घड्याळ पुढे जाते. चिकटण्याची नेहमीची कारणे दोन: एक म्हणजे स्प्रिंगवर आलेले तेल किंवा ओलावा, आणि दुसरे म्हणजे चुंबकत्व.

हे दुसरे कारण वडिलांच्या काळी क्वचित उद्भवत असे, आज मात्र ते घराघरांत आहे. पर्सचे चटकन बंद होणारे बटण, टॅबलेटचे आवरण, मोबाइलचा स्पीकर, कानात घालायच्या बिनतारी इअरफोनची डबी, फ्रिजवर चिकटवायची चित्रे या सगळ्यांत चुंबक असतात, आणि शाळेतून आल्यावर घड्याळ काढून पर्समध्ये किंवा मोबाइलवर ठेवण्याची सवय अनेकांना असते. आपण विज्ञान शिकवता, तेव्हा याची परीक्षा आपण शाळेच्या प्रयोगशाळेतच करू शकता. टेबलावर चुंबकसूची ठेवावी, ती स्थिर झाली की घड्याळाची एकच बाजू आधी सूचीच्या उत्तर टोकाजवळ आणि मग दक्षिण टोकाजवळ हळूहळू न्यावी. दोन्ही टोके घड्याळाकडे ओढली गेली, तर ती केवळ पोलादाची ओढ आहे. एखादे टोक दूर ढकलले गेले, तर घड्याळात चुंबकत्व शिरले आहे, कारण प्रतिकर्षण हाच चुंबकत्वाचा खरा पुरावा, हे आपण मुलांना दरवर्षी सांगतच असाल. ते काढणे मुळीच अवघड नाही. घड्याळजीकडे त्यासाठी डीमॅग्नेटायझर नावाचे लहान विजेचे यंत्र असते आणि हे काम मिनिटभरात, घड्याळ न उघडताही होते. पुढे फक्त एवढे पाळावे की घड्याळ आणि अशा वस्तू यांच्यात वीतभर अंतर असावे. चुंबकाचा जोर अंतराबरोबर फार झपाट्याने घटतो, म्हणून घरातून चुंबक हद्दपार करण्याची गरज नसते.

दुपारी थांबण्यामागे मात्र, माझ्या मते, वाळलेले तेल आहे. घड्याळाच्या डायलवर १७ ज्वेल असे लिहिलेले असते, त्या ज्वेल म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेल्या माणकाच्या बारीक बैठका. त्यांच्या भोकांत चाकांचे आस फिरतात, आणि आस व माणिक यांच्यामध्ये सुईच्या टोकावर मावेल इतके तेल असते. ते तेल कपाटात पडून राहिल्यानेही बिघडते. वर्षानुवर्षे न चालता राहिलेल्या घड्याळात ते कडेला पसरते, घट्ट होते किंवा पूर्ण सुकते. मग सकाळी चावी ताजी असताना मुख्य स्प्रिंगचा जोर त्या घर्षणावर मात करतो, आणि दुपारी जोर थोडा उतरला की घड्याळ थांबते. नीट अवस्थेतल्या अशा घड्याळाने एका पूर्ण चावीवर दीड दिवसाच्या आसपास चालायला हवे. ते दुपारी थांबत असेल आणि तरीही आपण त्याला चावी देऊन चालवत राहिलो, तर प्रत्येक तासाला कोरडे आस माणकावर घासले जातात. घड्याळ चालते आहे म्हणून ते बरे आहे, ही समजूत जितकी घड्याळे संपवते तितकी पडझडही संपवत नसेल. त्यामुळे सर्व्हिसिंग होईपर्यंत त्याला चालवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

सर्व्हिसिंग या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी केल्या जातात, आणि पैसे देणाऱ्याला त्यातला फरक दिसत नाही. पहिल्या प्रकारात मशीन न सोडवता अख्खेच्या अख्खे पेट्रोलमध्ये बुडवतात, हलवून वाळवतात आणि वरून दिसेल तेथे तेलाचा थेंब सोडतात. घड्याळ लगेच टुणटुणीत चालू लागते आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते, पण ज्वेलच्या भोकातली घट्ट घाण तेथेच राहते, नवे तेल तिच्यात मिसळते आणि वर्षभरात पहिले पाढे पंचावन्न होतात. दुसऱ्या प्रकारात मशीनचा एक एक भाग सुटा केला जातो, प्रत्येक भाग स्वच्छ करून वाळवला जातो, भिंगाखाली आसांची टोके तपासली जातात आणि जोडणी करताना प्रत्येक जागी त्या जागेचे तेल दिले जाते: बॅलन्सच्या आसाला अगदी पातळ, मुख्य स्प्रिंगच्या डबीत आणि चावीच्या यंत्रणेत घट्ट, आणि हेअरस्प्रिंगला अजिबात नाही. हे दिवसभराचे, डोळ्यांत तेल घालून करायचे काम आहे. त्यासाठी घड्याळजी आठवडा मागेल तर तो जरूर द्यावा, आणि पंधरा मिनिटांत सर्व्हिसिंग करून देतो असे कोणी म्हटले, तर नम्रपणे घड्याळ परत घेऊन निघावे.

घड्याळ हाती देण्याआधी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे. मशीन पूर्ण सोडवणार का, मुख्य स्प्रिंग बदलावी लागेल का, काढलेले जुने भाग परत देणार का, आणि वेळ लावताना घड्याळ डायल वर, डायल खाली आणि चावी खाली अशा निरनिराळ्या स्थितींत तपासणार का, हे विचारण्यात काहीच गैर नाही. आपले काम मनापासून करणाऱ्या घड्याळजीला असे प्रश्न आवडतात. तो आपल्याला टेबलाशी बसवून भिंगातून गंज कोठे धरला आहे ते दाखवील. देण्यापूर्वी डायल, मागचे झाकण आणि, झाकण उघडल्यावर, मशीन यांचे फोटो काढून ठेवावेत. यात अविश्वास नाही. पुढे पाच वर्षांनी दुसऱ्या कोणाकडे जावे लागले, तर काय मूळचे आणि काय नंतरचे हे त्या फोटोंवरून कळते.

दुकानदाराच्या सल्ल्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: तो मानू नये.

‘मशीन मिळत नाही’ हे त्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी उद्योगाने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना उभारला, पुढे तुमकूर, श्रीनगर आणि आताच्या उत्तराखंडातील राणीबाग येथेही कारखाने निघाले, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. त्यामुळे कारखान्यातून नवा भाग येत नाही, हे खरे. परंतु दरम्यानच्या दशकांत हे घड्याळ इतक्या घरांत पोहोचले आणि ‘जनता’, ‘पायलट’ यांसारख्या निरनिराळ्या नावांच्या घड्याळांत एकाच जातीचे चावीचे मशीन इतक्या संख्येने बसवले गेले, की जुन्या घड्याळजींच्या खणात निकामी एचएमटी घड्याळांचे भाग आजही सापडतात. चावीचा दांडा, मुख्य स्प्रिंग, बॅलन्स यांपैकी काही बदलायची वेळ आलीच, तर ते अशा एखाद्या घड्याळातून घेता येते. भारतात दुरुस्तीला इतके अनुकूल असलेले दुसरे चावीचे घड्याळ सांगता येणे कठीण आहे.

सेलचे मशीन बसवण्यात आणखी एक गोम आहे, जी दुकानदार सहसा सांगत नाही. डायलच्या मागे दोन बारीक खुंट्या असतात आणि त्या मशीनमधल्या नेमक्या दोन भोकांत बसतात. सेलच्या मशीनमध्ये ती भोके त्या जागी नसतात. म्हणून खुंट्या कापून टाकतात आणि डायल गोंदाने किंवा चिकटपट्टीने चिकटवतात. मूळ काटेही नव्या मशीनच्या आसावर बसत नाहीत, तेव्हा तेही बदलतात. म्हणजे उद्या आपले मन बदलले आणि जुने मशीन कोणी दुरुस्त करून दिले, तरी डायल त्याच्यावर पूर्वीसारखा बसणार नाही. सर्व्हिसिंग पुढच्या वर्षीही करता येते, पण कापलेली खुंटी परत येत नाही. ज्या कामात मागे फिरता येत नाही, ते काम घाईत आणि दुकानदाराच्या सोयीने करू नये.

डायल रंगवण्याबद्दलही हेच सांगेन. मुंबईच्या बाजारात जुन्या एचएमटी घड्याळांचे डायल भडक रंगांत रंगवून ती नव्यासारखी विकण्याचा मोठा धंदा आहे, आणि तशा घड्याळाला जाणकार संग्राहक किंमत देत नाहीत. आपल्या डायलवरील देवनागरी अक्षरे कारखान्यात छापलेली आहेत. ती पिवळसर पडली असतील, कडेला एखादा डाग असेल, तरी ती तशीच राहू द्यावीत आणि घड्याळजीला ‘डायल पुसू नका’ असे मुद्दाम सांगावे, कारण जुन्या छपाईवरून ओला कापूस फिरवला तर अक्षरे कापसाबरोबर निघून येतात. केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाला, पॉलिश मारून घेण्याचा मोहही आवरावा. या घड्याळांच्या केसवर बहुधा पितळेवर चढवलेला क्रोमचा पातळ थर असतो. पॉलिशच्या चाकाखाली तो उडाला की खालचे पिवळे पितळ दिसू लागते, आणि मग घामाने ते आणखी वेगाने खराब होते. काचेवरचे ओरखडे नको असतील तर नवी काच बसवावी. दिसण्यातला जवळजवळ सगळा फरक तेवढ्याने पडतो.

भावाने सांगितलेली पूर्ण चावीची भीती फार जुनी आणि फार पसरलेली आहे. चावी पूर्ण दिल्याने चांगली स्प्रिंग तुटत नाही, ती पूर्ण गुंडाळली जाण्यासाठीच बनवलेली असते. घडते असे की जुनी पोलादी स्प्रिंग वयोमानाने कधीतरी तुटतेच, आणि ती तुटते तेव्हा बहुधा कोणीतरी चावी देत असते, म्हणून दोष चावी देणाऱ्याच्या माथी येतो. अर्धवट चावी देण्याचा उलट तोटाच आहे, कारण स्प्रिंगचा जोर कमी असताना बॅलन्सचे झोके लहान पडतात आणि वेळ इकडेतिकडे होते. सर्व्हिसिंगनंतर रोज सकाळी, ठरलेल्या वेळी, घड्याळ हातातून काढून चावी द्यावी. हातात असताना चावी दिली की दांड्यावर तिरपा जोर येतो आणि नळी झिजते. ही झीजच पुढे पाण्याला वाट देते. अंगठा आणि तर्जनी यांत धरून सावकाश फिरवावे आणि बोटांना स्पष्ट अडथळा जाणवला की थांबावे. त्यापुढे एक फेराही रेटू नये. फेरे मोजण्याची गरज नाही, आठवड्याभरात बोटांना ती जागा कळते.

एवढे सगळे केल्यावर हे घड्याळ दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत पुढेमागे राहिले, तर त्याने आपले काम चोख केले असे मानावे आणि आणखी काटेकोरपणासाठी ते वारंवार उघडू नये. दर वेळी झाकण उघडण्यातून धूळ आत जाते. थोडासा फरक रात्री ठेवण्याच्या पद्धतीने स्वतःच सुधारता येतो: डायल वर ठेवल्यास आणि चावीच्या बाजूने उभे ठेवल्यास त्याची चाल किंचित बदलते, तेव्हा दोन्ही प्रकारे काही रात्री ठेवून पाहावे आणि जे लागू पडेल ते चालू ठेवावे. एस. टी.च्या वाहकाने ज्या घड्याळावर गाडी सुटण्याची वेळ पाळली, त्यावर शाळेची घंटा निश्चित पाळता येईल.

रोज वापरावे की जपून ठेवावे, या प्रश्नाला माझे उत्तर ऋतूप्रमाणे आहे. ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत ते खुशाल रोज हातात असावे. चालते घड्याळ रोज डोळ्यांसमोर असते, त्यामुळे त्याची चाल बदलली की लगेच कळते, आणि कपाटात पडलेल्या घड्याळाचा बिघाड पाच वर्षांनी कळतो. जून ते सप्टेंबर मात्र कोकणात ते हातात घालू नये. त्या काळात घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, ते पट्टा काढून ठेवावे आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी कोरड्या हाताने चावी देऊन एक दिवस चालू द्यावे. पुड्या ओलावा शोषून निकामी होतात, म्हणून दर पावसाळ्यात त्या नव्या घ्याव्यात. कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर त्यांच्याशेजारी ते ठेवू नये, कारण त्यांची वाफ काही प्लास्टिकांना आणि लाखेला मानवत नाही. वापरात असतानाही नारळ फोडणे, मासळी साफ करणे, भांडी घासणे, मुलांबरोबर मैदानावर खेळणे या कामांपूर्वी ते काढून ठेवावे. डायलवर ‘पॅराशॉक’ असे शब्द असतील तर बॅलन्सच्या आसाला धक्क्यापासून संरक्षण आहे असे समजावे, पण ते संरक्षण कधीतरी बसणाऱ्या धक्क्यासाठी आहे, रोज कोयता चालवणाऱ्या मनगटासाठी नाही.

आणखी एक गोष्ट हल्लीच्या सवयीतली आहे. हात निर्जंतुक करण्याचे द्रव आणि अत्तरे यांत अल्कोहोल असते आणि प्लास्टिकच्या काचेवर ते पडले की तिच्या पोटात बारीक जाळीदार भेगा पडतात. आधी हात चोळावेत, ते वाळू द्यावेत आणि मग घड्याळ घालावे. रात्री काढल्यावर केस आणि मागचे झाकण मऊ, कोरड्या सुती कापडाने पुसावे. घामातल्या क्षारांचा थर झाकणाच्या कडेला साचतो, आणि क्रोम जाते ते तेथूनच. पट्ट्याच्या बाबतीत चामड्याचा हट्ट धरू नये. चामडे घाम पिते, पावसाळी हवेत त्याला बुरशी येते आणि तो ओलावा दिवसभर केसला लागून राहतो. धुता येणारा नायलॉनचा पट्टा आपल्याकडच्या हवेला अधिक योग्य आहे. पट्टा बदलताना तो धरून ठेवणाऱ्या दोन्ही पिनाही नव्या घालाव्यात. घड्याळे हातातून पडतात ती पुष्कळदा जुनी, गंजलेली पिन सुटल्यामुळे, आणि ती पिन चहाच्या कपाच्या किमतीत येते.

सर्व्हिसिंग दर चार-पाच वर्षांनी पूर्ण करून घ्यावे. रबरी रिंग मात्र दरवर्षी मे महिन्यात, पाऊस येण्याआधी, पाहून घ्यावी. यावर होणारा खर्च घड्याळाच्या बाजारातल्या किमतीहून जास्त होऊ शकतो, हे आपल्याला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कोणी तो हिशेब मांडून दाखवला तर आपण गडबडणार नाही. बाजारातली किंमत हे घड्याळ विकणाऱ्याने पाहावी. आपण ते विकणार नाही.

राहिले सेलचे घड्याळ. पावसाळ्यात हातात घालायला आपल्याला तेच हवे आहे, आणि त्याची गोष्ट वाटते त्याहून निकडीची आहे. वर्षभर संपलेला सेल आत राहिला आहे. असा सेल कालांतराने पाझरू शकतो, आणि त्यातला तीव्र अल्कली द्रव सर्किट आणि त्याच्या तांब्याच्या पट्ट्या खाऊन टाकतो. ज्या घड्याळाला फक्त नवा सेल पुरला असता, त्याचे मशीनच फेकावे लागते. म्हणून तेही त्याच फेरीत घेऊन जावे आणि आधी सेल काढून आत पांढरी किंवा हिरवट पूड आहे का ते पाहून घ्यावे. नवा सेल घेताना तो सिल्व्हर ऑक्साइडचा मागावा. त्यावरील क्रमांकाची सुरुवात बहुधा ‘एसआर’ या अक्षरांनी होते, त्याचा दाब १.५५ व्होल्ट असतो आणि तो संपेपर्यंत जवळजवळ तसाच राहतो. ‘एलआर’ने सुरू होणारा अल्कलाइन सेल त्याच मापाचा आणि स्वस्त असतो, पण त्याचा दाब हळूहळू उतरत जातो आणि तो पाझरण्याची शक्यताही अधिक असते. आत स्फटिकाचा एक तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि सर्किट त्या संख्येला १५ वेळा निम्मे करत सेकंदाला एका ठोक्यावर आणते. आठवीच्या वर्गाला घातांक शिकवताना हे उदाहरण मुलांना आवडेल.

त्या घड्याळाचा सेकंद काटा कधी दोन किंवा चार सेकंदांच्या उड्या मारू लागला, तर अनेक घड्याळांत ती सेल संपत आल्याची खूण असते. तेव्हा थांबायची वाट न पाहता आठवड्याभरात तो बदलावा. ऑक्टोबरात ‘जनता’ पुन्हा हाती आले की या घड्याळाची चावी बाहेर ओढून ठेवावी, म्हणजे काटे थांबतील आणि सेल कमी खर्च होईल. मात्र दोन वर्षांहून जास्त काळ ते वापरायचे नसेल, तर सेल काढूनच ठेवायला सांगावे. आणि सेल बदलण्यासाठी झाकण उघडले जाईल त्या प्रत्येक वेळी त्याखालची रबरी रिंगही पाहायला सांगावी, कारण रत्नागिरीच्या पावसात आपल्या हातावर असणार आहे ते हेच घड्याळ.